कोरी काठी

गुढीचा वेळू मीच कापला, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढे जे झालं त्याचा दोष बायकोवर जायला नको.

शाळेत सुतारकाम शिकवून मी नुकताच निवृत्त झालो होतो. हाताला काम नसलं की मला घरातल्या प्रत्येक लांब वस्तूत गळाची काठी दिसायची. पडद्याचा दांडा, जाळी काढायची झाडणी, मच्छरदाणीचे बांबू, सगळं मी वाकवून बघायचो. माळ्यावरचा गुढीचा वेळू तेवढा शिल्लक होता. तोही एका दुपारी करवतीखाली आला आणि गाठीपाशी उभा चिरला. काठी झाली नाही, वेळूही राहिला नाही. दोन्ही तुकडे मी गच्चीवर तुळशीमागे लपवले. लपवल्याचं बायकोला त्याच संध्याकाळी कळलं. तिनं ते तुकडे तिथंच राहू दिले. फुलंब्रीच्या शेतकऱ्याची लेक आहे ती; पेरलेलं कधी उगवतं हे तिला ठाऊक असतं.

एवढी धडपड उस्तादांसाठी होती. उस्ताद म्हणजे छावणीतले शिंपी. माझ्या साऱ्या पँटी त्यांनीच शिवल्या आणि एकीचेही दोन्ही पाय सारखे निघाले नाहीत. पण गळ टाकायला शिकवावं तर त्यांनीच. वीस वर्षं दर रविवारी आम्ही स्कूटरवरून पैठणला धरणावर जायचो. काठावर उभं राहून गळाच्या दोऱ्याला वजनासाठी बांधलेलं शिसं लांब पाण्यात भिरकावायचं आणि मग रोहू किंवा कटला मनावर घेईपर्यंत गप्पा हाणायच्या. मासे कमी मिळायचे, गप्पा भरपूर. त्यांची बीबी गेल्यापासून आठवड्यात त्यांना रविवार हा एकच वार उरला होता.

मग ते दुकानाच्या पायरीवरून पडले. उजवा खांदा निखळला, बसवला, बरा झाला. पण हात कानाच्या वर गेला की जोर संपायचा. त्यांची जुनी काठी म्हणजे नुसती पहार. पुन्हा धरणावर गेलो तेव्हा त्यांनी ती उचलून फेकली आणि शिसं त्यांच्याच चपलेपाशी चिखलात पडलं. तीनदा तसंच झालं.

"मास्तर, मच्छी हँस रही हुंगी," ते म्हणाले. हसलेही. येताना मात्र बिडकीन मागे पडलं, शहर आलं, तरी मागच्या सीटवरून एक शब्द नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी गळांचा डबा माझ्या हातात ठेवला. "रख लो. अब मच्छी बाजार सेच लेंगे."

मला राग आला आणि भीतीही वाटली. रविवार गेला की हा माणूस दुकानाच्या पायरीवर बसून वाळत जाणार, हे मला दिसत होतं. मीही वाळलो असतो, ते वेगळं. मी खूप बोललो, भांडलो. शेवटी ते म्हणाले, "ठीक है. नवी काठी बनाओ. लेकिन एकच बार फेकूँगा. जम्या तो जम्या. नै तो ये बात फिर निकालने की नै."

एकच फेक. म्हणजे काठी चुकली की उस्ताद गेले.

वेळू चिरल्यावर मी मुंबईच्या एका दुकानात फोन लावला. तिथला पोरगा म्हणाला, "काका, तयार रॉड घेऊ नका. ब्लँक घ्या आणि स्वतः बांधा." ब्लँक म्हणजे नुसती नळी. मूठ नाही, रीळ बसवायची जागा नाही, दोरा ओवायच्या कड्या नाहीत. ते सगळं आपण आपल्या मापानं लावायचं. सुताराला आणखी काय हवं!

"किनाऱ्यावरून फेकायचीये ना? समुद्र कोणता?" त्यानं विचारलं.

"औरंगाबादचा," मी म्हणालो.

"काका, औरंगाबादला समुद्र?"

"नाथसागर," मी खुलासा केला. धरणाच्या पाण्याला आमच्याकडे सागरच म्हणतात. समुद्र नाही म्हणून हौस थोडीच मारायची? तो पोरगा भला. त्यानं दोन ब्लँक पाठवल्या. एक ठेवून घ्यायची, दुसरी आठ दिवसांत परत करायची.

एक काळी, चकचकीत, ताठ. झटका दिला की फक्त शेंडा हलायचा, बाकी काठी ढिम्म. दुसरी मधासारखी पिवळी आणि जरा मऊ. ती अर्ध्यापर्यंत वाकायची. काळी हातात घेताच मी तिच्या प्रेमात पडलो. पिवळी मला मेंगळट वाटली. मी दोन्ही काठ्या हॉलमध्ये फिरवून पाहिल्या. आमचा गारखेड्यातला हॉल दहा फुटी, काठ्या बारा फुटी. ट्यूबलाइट फुटली ती काळीनं. तिच्या वेगाचा तो पुरावाच आहे असं मी बायकोला समजावलं.

काचा गोळा करता करता तिनं विचारलं, "हे ब्लँक ब्लँक काय लावलंय सकाळपासून?"

"ब्लँक म्हणजे कोरी. कोरी काठी. अजून कुणी वापरली नाही, काही बांधलं नाही."

"कोरी व्हय?" ती म्हणाली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

चार दिवसांनी पाडवा. सकाळी मी श्रीखंड आणायला गेलो आणि रांगेत अडकलो. डबा घेऊन गल्लीच्या तोंडाशी आलो तर समोरचे काका रस्त्यात उभे राहून आमच्या गॅलरीकडे बघत होते. मीही वर पाहिलं.

आमच्या गॅलरीतून माझी पिवळी ब्लँक बाहेर आली होती. तिला हळदकुंकू लावलेलं, हिरवी जरीची साडी, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, आणि शेंड्यावर चिंध्या कोंबून बसवलेला तांब्या. साऱ्या गल्लीत गुढ्या ताठ उभ्या होत्या. आमची तेवढी कमरेत वाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला मुजरा करत होती.

"मास्तर, तुमची गुढी लई नम्र आहे हो," काका म्हणाले.

मी जिना चढलो तो ओरडतच. बायको शांतपणे आरतीचं तबक पुसत होती.

"ओरडू नका सणाच्या दिशी. तुमी गुढीची काठी गळाला नेली, मी गळाची काठी गुढीला आणली. फिट्टंफाट."

"अगं, पण ती ब्लँक आहे!"

"तुमीच म्हनले कोरी आहे. कोरी म्हनूनच घेतली. पूजेला कोरंच लागतं."

"मग काळी का नाही घेतली?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी निवृत्तच बरा. "काळ्या काठीवर गुढी? तुमच्या घरात उभारतेत का?"

मी श्रीखंडाचा डबा खाली ठेवला. पण गॅलरीबाहेर लवलेली गुढी पाहिली आणि तिचंही तोंड उतरलं. "आता ही मेली वाकली. गुढी उभारायची असती, लवायची नसती. वर्ष कसं जाईल नाय कळत." पूजा झालेली गुढी दुपारी उतरवायची नसते, म्हणून ती दिवसभर तशीच वाकून राहिली. मला वेगळीच काळजी. हळदकुंकवाचे डाग घेऊन ही परत कशी पाठवू? 'वस्तूची पूजा झाली आहे' असं लिहू? म्हणजे पिवळी गळ्यात पडलीच, आणि काळी हवी तर दोन्हींचे पैसे.

दरवर्षीप्रमाणे उस्ताद जेवायला आले. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि गुढीकडे बघून, बायकोकडून कोऱ्या काठीची गोष्ट ऐकून पोट धरून हसले. पडल्यापासून पहिल्यांदाच एवढं मोकळं हसले. मग वारा सुटला. साडी फुगली, काठी जवळजवळ बुडापर्यंत वाकली आणि वारा पडताच आपोआप परत आली. पुन्हा वाकली, पुन्हा आली. उस्तादांचं हसणं थांबलं होतं. श्रीखंडाची वाटी मांडीवर तशीच.

"मास्तर, देखे क्या? इने खुद काम कर री. पूरी की पूरी."

मी काळीची बाजू मांडू लागलो. त्यांनी हातानंच गप्प केलं.

"ताठ काठी कू ताठ खांदा होना. तुम किसके खांदे के वास्ते बना रे? तुमारे या मेरे?"

मला लाज वाटली. इतके दिवस मी उस्तादांसाठी काठी शोधत होतो आणि हातात घेऊन बघत होतो ती माझ्या धडधाकट हातांनी.

सूर्य कलला तशी बायकोनं गुळाचा नैवेद्य दाखवला आणि गुढी उतरवायला घेतली. तांब्या काढला, साडी सोडली. गाठीचा दोरा मात्र शेंड्यात अडकला.

"भाईजान, तेवढं धरा की," ती म्हणाली. उस्तादांनी काठी दोन्ही हातांनी उचलली, आणि दोरा सुटावा म्हणून सवयीनंच, मागे नेऊन, पुढे एक हलका झोका दिला.

काठी वाकली, सरळ झाली. साखरेची गाठी सुटली, गल्लीवरून तरंगत गेली आणि काकांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन पडली.

उस्ताद उजव्या खांद्याकडे दुसऱ्याच कुणाचा असावा तसे बघत होते.

"दुखलं का?" बायकोनं विचारलं.

"नै, भाभी," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

काळी मी दुसऱ्या दिवशी परत पाठवली. पिवळीला कड्या लावल्या, मूठ बसवली. बुडाशी हळदीचं एक बोट उमटलं होतं, ते न पुसता त्यावरच पॉलिश चढवलं. धरणावर उस्तादांनी कबूल केल्याप्रमाणे एकच फेक केली. शिसं माझ्या शिशाच्या बरंच अलीकडे, पण स्वच्छ पाण्यात पडलं. मग म्हणाले, "मास्तर, हिसाब में गडबड हुई. एक वो तुमारे घर में हो गई थी. तो अब गिनना छोड दो." आणि त्यांनी गळांचा डबा माझ्याकडून मागून घेतला.

पुढच्या पाडव्याला मी वेळू आणायचं साफ विसरलो. सकाळी बायको माझ्या नावानं बोटं मोडत होती आणि मी काठ्या लपवत होतो, एवढ्यात खालून सायकलची घंटी वाजली. वाकून पाहिलं तर छावणीपासून गारखेड्यापर्यंत उस्ताद सायकल हातात धरून चालत आले होते. उजव्या खांद्यावर दहा फुटांचा हिरवागार वेळू.

"भाभी," त्यांनी खालूनच आवाज दिला, "ये लो. कोरी है."