आयचा अंगठा

प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून माझं नाव जवळजवळ ठरलं होतं. अडलं ते पोलीस चौकशीच्या कागदावरच्या एका ओळीपाशी. ‘उमेदवाराची आई म्हणते, मला मुलगाच नाही.’

मोठ्या साहेबांनी तो कागद माझ्यापुढं सरकवला आणि माझ्या तोंडाकडं बघत बसले. अर्धी हयात अणूच्या गाभ्याशी झटापट केली आणि आता मलाच विचारतात, तुम्ही नक्की कोण? माझं डोकं फिरलं. भावकीतल्या कुणीतरी काडी घातली असणार, अशी माझी पक्की खात्री. रेल्वे, मग एस.टी., असं करत माझ्या गावी, ईटला पोचलो.

दुष्काळाचं दुसरं साल. अख्खी वस्ती पाझर तलावाच्या कामावर. आय डोक्यावर मातीची पाटी घेऊन बांधावर चढत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिनं मला पायापासून वर न्याहाळलं.

“कोन पायजे तुमास्नी?” म्हणाली आणि चालू लागली.

सख्खी आई. क्षणभर मलाच शंका आली, गाव चुकलो की काय.

दुपारी भाकरीच्या सुट्टीत तिनं मला बाभळीमागं गाठलं. “जेवलास का?” मग मुकादमाकडं एक डोळा ठेवून सांगू लागली. ज्यांच्या घरात नोकरदार, त्यांची नावं हजेरीपटावरनं उडवणार, अशी आवई उठली होती. त्यातच एक पॅन्टवाला येऊन विचारत होता, मुलगा कुठं असतो, काय करतो, गावात कधी येतो.

“म्या वळखलं त्येला. नाव कापाया आलता. सांगितलं, मला लेकच न्हाय.”

“तुला कशाला पाहिजे हे काम? मी पाठवतो ते पुरत नाही का?”

“समदी आळी हितं. म्या एकटी घरात भित्ती बघत बसू?”

मी म्हणालो, तहसिलात चल, मी तुझा मुलगा आहे असं लिहून अंगठा दे.

“असलं काय काम हाय तुजं?”

“ते सांगता येत नाही, आय.”

तिनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. “आयला सांगता येत न्हाय. चोरीचं तर न्हाय न्हवं?”

मी चिडलो, तीही चिडली. तरी आली. कारकुनानं शाई पुढं केली तेव्हा कितीतरी वेळ शाईकडंच बघत राहिली. “आता माजं नाव गेलं कामावरनं,” म्हणाली आणि अंगठा दाबला.

त्या अंगठ्यावर मी प्रमुख झालो. संशय मात्र अंगात मुरला. कुलपं दोन-दोनदा ओढून बघायचो, हसून बोलणाऱ्याला आधी पारखायचो. कागद दाखवल्याशिवाय फाटकातून कुणालाही सोडायचं नाही, हा हुकूम माझ्याच सहीचा.

काही वर्षांनी आय न कळवता त्या फाटकावर आली. लेकाचं काम एकदा डोळ्यानं बघावं, एवढंच. पहारेकऱ्यानं अदबीनं विचारलं, “साहेबांची आई आहात, याचा काही कागद आहे का तुमच्याकडं?” मी आत दोनशे पावलांवर बसलो होतो. मला कळलं संध्याकाळी, ती परतीच्या गाडीत बसल्यावर.

पुढं गावी गेलो तेव्हा तिच्या हातापाया पडलो. म्हणालो, चल, मी स्वतः तुला आत नेतो. ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं नाही.

“एकदा दिलाय की अंगठा,” म्हणाली. “माजा लेक हाय म्हनून किती येळा सांगायचं?”