सहा फुटांवरचे मामाजी

हे मी आजवर कोनालेच सांगतलं नाई. नवऱ्याले नाई, मायलेबी नाई. तू आमच्या गावातलं नाई, सोयऱ्यातलं नाई, म्हून तुले सांगून राह्यली. तेबी लिहून. तोंडानं बोलाची हिंमत अजूनबी नाई माही.

गोष्ट माह्या सासऱ्याची हाय. आमच्याकडं सासऱ्याले मामाजी म्हनतात. राळेगाव तालुक्यात आमचं गाव. मामाजीची कपाशी पाहाले रस्त्यानं जानारे लोक थांबत. मानूस वाईट नव्हता. हे पहिलेच सांगते, नाईतर पुढचं वाचून तू माही बाजू घेशीन.

पन त्याइनं एक बोलनं बोललं होतं. माहं पहिलं लेकरू तीन महिन्याचं होऊन गेलं — निमोनिया झालता. घर भरून मानसं बसली होती, अन् मामाजी म्हने, "हिले लेकरू सांभाळता नाई आलं." बस, येवढंच. बोलले अन् उठून गेले. मी मात्र ते वाक्य सहा वर्सं उराशी धरून ठेवलं.

मग सोनू झाली. तिच्यापायी मामाजी येडे झाले, अगदी येडे! वावरातून आले का हातपाय धुवाच्या आंधीच तिले लाडानं हाक — "कुठं हाय माही बुढी?"

ती चार महिन्याची असतानी मामाजीच्या लघवीचा तरास वाढला. तपासलं तं प्रोस्टेटचा कॅन्सर. नशीब, जाग्यावरच होता, पसरला नव्हता. यवतमाळच्या डाक्टरनं मुंबईले धाडलं. ह्याइनं, म्हनजे माह्या नवऱ्यानं, नेलं. तिथं चिरफाड नाई केली. तांदळाच्या दान्यायेवढे, किरनं सोडनारे बारीक दाने सुईनं आत टाकले, अन् तिथंच राहू देल्ले. ते आतल्या आत कॅन्सर जाळतात म्हने. चार दिवसांत मामाजी घरी.

हे एसटीत ड्रायव्हर, दुसऱ्याच दिवशी ड्युटीवर. दवाखान्याचा कागद माह्या हातात देल्ला. "इंग्रजीत हाय. तू बारावी शिकेल हायस, तूच वाच." मी डिक्शनरी घेऊन बसली. साफ लिहेल होतं — दोन महिने लहान लेकरू मांडीवर घेऊन बसाचं नाई, गरोदर बाईजवळ चिकटून बसाचं नाई. सहा फुटांवरून कितीबी वेळ बसा. दोन महिन्यानं काईच बंधन नाई.

मामाजीनं दुसरा सवाल नाई केला. सरकी टोबाची, म्हनजे अंतर धरून बी लावाची, दोरी असते ना, तीन-तीन फुटांवर गाठी मारेल? ते आनली, ओसरीत दोन गाठीचं अंतर मोजलं अन् चुन्यानं रेघ मारली. रेघेपलीकडं बसून सोनूले खुळखुळा वाजवून दाखवत. अन् दुसरा हात सोताच्या मांडीखाली दाबून ठेवत.

दोन महिने झाले. त्याइनं विचारलं, "बाई, झाले का दिवस?"

मी कागद काढला. त्याइच्यासमोर वाचल्यावानी केलं. अन् म्हटलं — आता लिहूनच टाकते — म्हटलं, "नाई मामाजी. लेकरू दोन वर्साचं होवस्तोर नाई म्हने."

भेव होतं का मले? ते मुंबईहून आले तवा पहिले आठ दिवस होतं, खरंच. मग नव्हतं. मले सगळं ठाऊक होतं. त्या दुपारी त्याइचं तोंड उतरलं, अन् मले — कसं सांगू — मले बरं वाटलं. मनात म्हटलं, घ्या! आता पाहा, लेकरू कोन सांभाळते.

ते साल कापसाचं लई खराब. लाल्या आला, झाडं उभ्या उभ्या लाल झाली. गावात दोन घरी मानसं औषध पिऊन गेली. तवापासून कोनी गप्प बसला का घरचे घाबरत. अन् आमचे मामाजी गप्प बसाले लागले. ह्याइनं एक दिवस फवारनीचं औषध गुपचूप उचलून मित्राच्या घरी नेऊन ठेवलं. मले म्हने, "बाबावर डोळा ठेवजो. दुखनं मनाले लागलं वाटते." मी हो म्हटलं. एका वाक्याचं काम होतं, नाई का? तवाबी नाई बोलली. रोज वाटे, उद्या सांगू. मग वाटे, आता सांगतलं तं ह्याइले समजन — मंग माहं कसं?

सोनू रांगाले लागली. रेघेकडं गेली का मी ओरडो, "हाऽ! तिकडं नाई!" लेकराले काय समजते? येवढंच समजलं, का त्या मानसाजवळ जाऊ नाई.

मामाजीचा कॅन्सर पुन्हा आला नाई. पुढं दहा वर्सं जगले, अटॅकनं गेले. तवरोक सोनू त्याइले चहा नेऊन दे, औषध दे. मांडीवर मात्र कधीच बसली नाई.

अन् मांगचा तो एक दिवस सांगाचा राह्यला. सोनू दोन वर्साची झाली, तवा मीच म्हटलं, "घ्या मामाजी, आता घ्या." त्याइनं आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं, खाली बसून हात पसरले. "ये बुढे." सोनू किंचाळली. माह्या साडीत तोंड खुपसून कापाले लागली.

मामाजीनं हात खाली घेतले. मले वाटलं, आता चिडतीन. चिडले असते तं बरं झालं असतं.

"राहू दे बाई," ते म्हने. "कायले जबरदस्ती करतं? तू येवढं जपलं म्हून लेकरू खुशाल हाय." मग खाली पाह्यत, लई हळू, "मांगं मी तुले नाई ते बोललो होतो. पहिल्या लेकराच्या वक्ती. चुकलं माहं. माफ कर."

मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जाऊ द्या मामाजी," म्हटलं. "मी कवाच विसरली."