दोन इंची स्क्रू

माझ्या नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही म्हणते. आत पलंग, शेगडी, मोरी असलेली चाकांवरची घरं तो दुरुस्त करतो. पाण्याने सडलेली जमीन बदलणं हा त्याचा हातखंडा. गाडीत शिरला की आधी चपला काढतो, डोळे मिटतो आणि टाच दाबत एकेक पाऊल टाकतो. "डोळा फसतो, टाच फसत नाही," हे मी लग्नापासून हजारदा ऐकलंय. हात मात्र सढळ. एक इंची स्क्रू पुरेल तिथे हा दोन इंची पिळणार!

वन्सं, म्हणजे त्याची थोरली बहीण, अशाच एका गाडीत एकट्या राहतात. वय अडुसष्ट, मनात आलं की किल्ली फिरवतात आणि निघतात. दीड वर्षापूर्वी मिस्त्रीने त्यांच्या मोरीजवळची जमीन नवी करून दिली. बहिणीचं काम, तेव्हा जीव ओतला. सहा महिन्यांत ती पुन्हा मऊ पडली. त्याने वरून टाच दाबली आणि निकाल दिला, "ताई, तू पाणी सांडतेस." वन्संनी मान्य केलं. मिस्त्री चुकत नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठच होतं.

मग त्यांच्या लेकीने धोशा लावला. "आईला आता भान राहत नाही. गाडी विकू, ती माझ्याकडे राहील." शनिवारी गिऱ्हाईक यायचं ठरलं. त्याआधी सडका भाग बदलायचा म्हणून गुरुवारी मिस्त्री गेला, आणि मी मदतीला.

वन्सं पायरीखाली उभ्या राहून पाणी पीत होत्या.

"आत बसून प्या की," मी म्हटलं.

"नको गं. वर्षभर बाहेरच पिते. नळ कितीदा सोडला तेही वहीत लिहिते. तरी कधी सांडतं ते कळतच नाही मला."

जमीन पुसायला फडकी मीच शिवून दिली होती त्यांना.

आत मिस्त्रीने प्लायवूड उचकटलं. खालच्या लाकडी फट्ट्या काळ्या पडल्या होत्या, बुरशीचा वास नाकात गेला. एका फट्टीपाशी त्याचा हात थांबला. स्क्रू फट्टीतून आरपार जाऊन खालच्या पाण्याच्या नळीत घुसला होता. दोन इंची. पाडलेलं भोक स्क्रूनेच बुजवलं होतं, म्हणून तेव्हा काही कळलं नाही. पुढे तो गंजला आणि नळी थेंब थेंब गळू लागली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्याने माझ्याकडे बघितलं. नळी बदलून वर प्लायवूड ठोकलं असतं, तर कोणाला पत्ता लागला नसता. तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं, इतका राग आला होता मला.

तो अनवाणीच खाली उतरला आणि स्क्रू वन्संच्या तळहातावर ठेवला. "ताई, तू नाही सांडलंस. नळीला भोक मी पाडलंय. उघडून न बघताच तुला बोल लावला."

वन्संनी स्क्रू उलटसुलट करून बघितला. "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?"

"तुझं आहे. माझंच नव्हतं."

"मग लाव फोन माझ्या लेकीला. आत्ता मला सांगितलंस तसंच सांग."

त्याने लावला. भाचीला शब्दन्‌शब्द तसंच सांगितलं. शनिवारचं गिऱ्हाईक तिने त्याच फोनवर रद्द केलं.

शुक्रवारी नवी नळी बसली, नव्या फट्ट्या, नवं प्लायवूड, सगळे स्क्रू एक इंची. काम संपल्यावर मिस्त्री सवयीने चपला काढू लागला, तर वन्संनी अडवलं. "तू राहू दे. मी बघते."

त्या आत चढल्या. नळ सोडून पेला भरला, मोरीपाशी उभ्या राहून सावकाश प्यायल्या आणि शेवटचा घोट नव्या जमिनीवर ओतला.

"हे मात्र मी सांडलंय," त्या म्हणाल्या. "पूस."

मिस्त्री गुडघे टेकून बसला आणि त्याने ते पुसलं.