समुद्राकडे, शिकाऊ चालकासह

मास्तरांची आणि मास्तरीणबाईंची पहिली भेट झाली तेव्हा मास्तर गाडीत होते आणि गाडी मास्तरीणबाईंच्या दुकानात होती. अर्थात, बाई तेव्हा मास्तरीण व्हायच्या होत्या. चौकातल्या एका गाळ्यात शिलाई मशीन टाकून त्या लोकांचे कपडे शिवत. एका सकाळी आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला, गल्लीतली कुत्री घरादारासकट पळाली, आणि ड्रायव्हिंग स्कूलची गाडी पायऱ्या चढून, वाळत घातलेल्या पँटा गळ्यात अडकवून, थेट मशीनसमोर येऊन थांबली. स्टिअरिंगला मिठी मारून बसलेल्या शिकाऊ गृहस्थांनी डोळे गच्च मिटले होते. शेजारच्या सीटवरचा किडकिडीत माणूस मात्र शांत होता. "छान. आता न्यूट्रल करा," असं त्याने गृहस्थांना सांगितलं, आणि मग खिडकीतून मान काढून बाईंना विचारलं, "तुमच्याकडे बटणं लावून मिळतात का?"

बाई हे सांगताना गाडी माळ्यापर्यंत उडवत. सासूबाईंचं म्हणणं असं की पायरीला नुसतं चाक टेकलं होतं, बाकीचं सगळं सुनेने नंतर शिवून जोडलं.

लग्नानंतर बाईंना कळलं की नवरा घरात फक्त झोपायला येतो आणि राहतो त्या शेजारच्या सीटवर. स्कूलच्या गाडीत त्या सीटखाली जादा क्लच आणि जादा ब्रेक बसवलेले होते. शिकाऊ माणूस कुठे घुसायला लागला की मास्तर पायानेच त्याला आवरत. सकाळचा पहिला विद्यार्थी त्यांना दारातून उचली, शेवटचा दारात आणून सोडी. गाडी मालकाची, पेट्रोल विद्यार्थ्याचं, पाय मास्तरांचे. या व्यवस्थेवर त्यांचा इतका जीव होता की घरी खुर्चीत बसूनही, सासूबाई जिन्यावरून भरभर उतरताना दिसल्या की त्यांचा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई.

समुद्राची सहलही याच व्यवस्थेतून निघाली. गाडीभाडं परवडायचं नाही, हॉटेल तर नावही काढायचं नाही. तेव्हा मास्तरांनी युक्ती काढली. वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, एखाद्या विद्यार्थ्याला "लांबच्या रस्त्याचा सराव" द्यायचा. विद्यार्थी पेट्रोल भरणार, गाडी चालवणार, आणि मागच्या सीटवर बाई, सासूबाई आणि थोरली लेक बसणार. विद्यार्थ्यांना मास्तर सांगत की मागे माणसं असली म्हणजे खऱ्या रहदारीची सवय होते. सासूबाईंकडे एकदा बघितलं की कुणालाही ते पटे.

खर्च म्हणून काही होऊच द्यायचा नाही, असा घरचा बाणा होता. डबे घरचे, पाणी घरचं. टोलचा रस्ता सोडून मास्तर जुना घाटाचा रस्ता घेत, कारण "वळणं शिकायला तोच चांगला". वाळूत उभी करायची छत्री बाईंनी गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडांतून शिवली होती. कापड पँटांचं असल्यामुळे छत्रीला चार खिसे राहिले होते. त्यातल्या एकात सासूबाई आपल्या गोळ्या ठेवत.

सगळं कसं जय्यत. फक्त समुद्र तेवढा राहून जाई.

कारण चालवणारा शिकाऊ. एका वर्षी एका बँकेतल्या बाईंनी दुसऱ्या गिअरच्या वर जायला साफ नकार दिला. दुसरा गिअर त्यांना आवडला होता. पुढच्या वर्षी एक पैलवान आला, तो समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनाला बाजूला थांबून वाट देई, सायकलीलासुद्धा. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत दुपार कलायची, आणि विद्यार्थ्याला संध्याकाळच्या आत घरी जायचं असायचं. मग घाटमाथ्यावरच डबे उघडायचे, खाली लांबवर दिसणारी निळी रेघ बघायची, आणि गाडी वळवायची. शाळेत समुद्राचं चित्र काढायला सांगितलं तेव्हा थोरलीने पट्टी घेऊन एक आडवी रेघ मारली आणि वही मिटली.

त्या दिवशी बाईंचं डोकं फिरलं. रात्रीचं जेवण वाढता वाढता त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं की या वर्षी आपले पाय खाऱ्या पाण्यात बुडाले नाहीत तर पुन्हा त्या गाडीत आपण बसणार नाही, आणि डबेही करणार नाही. डब्यांचं ऐकून मास्तर गंभीर झाले.

त्यांनी विद्यार्थी पारखून घेतला. दातांचे डॉक्टर. शिकलेला माणूस, हात स्थिर, बारीक कामाची सवय. निघाले तेही भल्या पहाटे. डॉक्टर गाडी खरंच बरी चालवत होते. फक्त अवघड वळण आलं की तोंडाचा मोठा आ करत. सासूबाईंनी मागून आरशात त्यांच्या दाढा बघून घेतल्या आणि एक किडल्याचं सुनेच्या कानात सांगितलं.

घाटमाथ्यावर सकाळीच पोचले. बाईंनी चपला काढून पिशवीत टाकल्या, इतकी त्यांना खात्री वाटू लागली. तेवढ्यात मागून एका ट्रकने भोंगा वाजवला. डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली, नीट थांबवली, हँडब्रेक ओढला, किल्ली काढून सासूबाईंच्या मांडीवर ठेवली आणि हात जोडले. "मास्तर, उतार माझ्याच्याने होणार नाही. पेट्रोल तुमचं," एवढं म्हणून ते समोरून येणाऱ्या परतीच्या बसला हात करून चढलेसुद्धा.

टाकी भरलेली, समुद्र खाली, वेळ हाताशी. थोरली म्हणाली, "मग बाबा चालवतील की."

मास्तर उतरले आणि चालवणाऱ्याच्या सीटवर जाऊन बसले. किती वर्षांनी बसले, ते त्यांनाही आठवेना. गाडी सुरू केली. "आरशात बघा," असं स्वतःच मोठ्याने म्हणाले, आणि कुणीतरी बघेल म्हणून थांबले. कुणी बघेना. "क्लच हळू सोडा," म्हणाले आणि गाडी आचके देऊन बंद पडली. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. "घाबरू नका, मी आहे ना," असं नेहमीप्रमाणे म्हणत त्यांनी शेजारच्या सीटकडे बघितलं. तिथे कुणीच नव्हतं. तेव्हा मात्र मास्तर घाबरले.

"अगं," ते कपाळ पुसत म्हणाले, "इथून सगळं भलतंच दिसतं."

"तू लहानपणी पाळण्यातही असाच रडायचास," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी निळ्या रेघेकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. म्हणाल्या, "सरका. तुम्ही तुमच्या जागेवर जा."

ड्रायव्हिंग स्कूलच्या कागदोपत्री बायका जास्त दिसाव्यात म्हणून मास्तरांनी कधीच बाईंचा शिकाऊ परवाना काढून ठेवला होता. आणि मागच्या सीटवर बसून इतक्या सहली ऐकल्यावर सगळं शिकवणं बाईंना पाठ होतं. हात तर कापडाच्या कडेने चाललेल्या सुईसारखे सरळ चालले. घोटाळा पायांचा झाला. जन्म शिलाई मशीनवर गेलेला. पायाखाली काही आलं की ते एका लयीत वरखाली हलवायचं, एवढंच त्यांना ठाऊक. गाडी गचके खात अशी निघाली की सासूबाईंचा चष्मा छत्रीच्या खिशात जाऊन पडला.

"पाय वर घे," मास्तर म्हणाले. "मांडी घाल."

बाईंनी खरंच मांडी घातली. पाय मास्तरांचे, हात बाईंचे. अॅक्सिलरेटरचं उतारावर काही काम नव्हतं. मास्तरांच्या पायाला ओळखीचा ब्रेक लागला आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. वळण आलं की बाई सांगत, "दाबा." मास्तर दाबत. "सोडा." सोडत. एवढं ऐकून घेणारा नवरा बाईंना पहिल्यांदाच दिसत होता, म्हणून गरज नसतानाही दोनचार वेळा त्यांनी दाबायला लावलं.

घाट संपला, रस्ता संपला, पुढे वाळू लागली. बाई दार उघडून तशाच अनवाणी चालत गेल्या आणि लाट घोट्यावर येईपर्यंत थांबल्या नाहीत. थोरली ओरडत पुढे धावली. मास्तर छत्री रोवत बसले. सासूबाईंनी बोट बुडवून चाखलं आणि मीठ जास्त झाल्याचं सांगितलं. बाई बराच वेळ पाण्यात नुसत्या उभ्या होत्या, आणि त्यांचे पाय मशीनवर हलावेत तसे वाळूत वरखाली हलत होते.

परतीच्या चढावर अॅक्सिलरेटर लागलाच. बाई तो एकाच पायाने दाबायला शिकल्या, आणि चार महिन्यांनी परीक्षा देऊन त्यांनी पक्का परवाना मिळवला. पुढच्या वर्षी सहलीची वेळ आली तेव्हा विद्यार्थी कशाला हवा, मीच चालवते, असं त्या म्हणाल्या. मग पेट्रोल कोण भरणार, असं मास्तरांनी विचारलं. त्यावर अजून काही ठरलेलं नाही, आणि समुद्रावर त्यानंतर कुणी गेलेलं नाही.