वामन्या खाटेवर, अन् टोचणी तांड्यात

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. स्मशानात बसून डबा खाल्लेला माणूस मी! पण ही गोष्ट आठवली की आजही झोप उडते... भीतीनं नव्हे, हेव्यानं.

सन साठच्या आसपासची गोष्ट. पैनगंगेच्या पुरानं ढाणकीकडचा एक बंजारा तांडा उठवला. माणसं माळावर ताडपत्र्यांखाली आली अन् मागोमाग कॉलरा आला. लस टोचायला सरकारी दवाखान्याचे आम्ही दोघं – मी आणि वामन. वामन ताडासारखा उंच, कुरळ्या केसांचा. तो हसला की म्हाताऱ्याही आपणहून दंड पुढं करायच्या. मी दिसलो की त्यांना देव आठवायचे. माझी सुई काय बाभळीच्या काट्याची होती?

त्या दिवशी वामन तापानं दवाखान्यात आडवा. म्हटलं, आज तांडा आपला! पेटी घेऊन बैलगाडीनं गेलो. पुरुष, पोरं टोचली. बायांचा नंबर लागला, तर मनगटापासून खांद्यापर्यंत चुडेच चुडे – सुई टेकवायला तिळाएवढी जागा नाही.

"चुडे उतरवा," मी म्हणालो.

अख्खा तांडा माझ्याकडं बघू लागला. पैनगंगासुद्धा थांबली असेल! तांड्याचा नायक उठला. "साहेब, धनी जित्ता असता चुडा उतरवते का कोनी? निंगा इथून!"

आदल्याच दिवशी दोन बाया गेल्या होत्या. न टोचता परतलो तर आणखी जाणार. पेटी मांडीवर घेऊन दूर मोहाच्या झाडाखाली विचार करत बसलो. डोळा लागला म्हणाल, तर नाही – बिडी पेटलेलीच होती.

परत गेलो, तर बाया पाठी चोळत बसलेल्या! नायक हसला. "तुमच्यापरीस वामनभाऊ हुशार. सासवायले सुनायची ओढनी सरकवाले लावली, पाठीवर टोचलं. चुड्याले हातबी नाई लावला."

"वामन? कधी आलता?"

"आत्ता तं गेला!"

पेटी उघडली. उरलेल्या बाटल्यांची बुचं शाबूत... आत थेंब नाही!

बैल असे पळवले की चाकं जमिनीला लागली नसतील. दवाखान्यात वामन खाटेवर, डॉक्टर शेजारी. "सकाळपासून शुद्ध नाही याला," डॉक्टर म्हणाले.

त्या तांड्यात पुढं एकही बाई दगावली नाही. हे कसं झालं, मले आजवर उमगलं नाही. चालत्या-फिरत्या वामनशी टक्कर घेतली असती हो... पण बेशुद्ध माणूस आपल्याहून जास्त काम करून राह्यला, तर त्याच्याशी भांडावं तरी कसं?