लिहून देणार आणि चाचा

मोबाईलवर ‘मला मान्य आहे’ असं जे बटण येतं, त्याच्या वरचा बारीक मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. बाकी आपण सगळे डोळे मिटून बोट टेकवणारे. साडूंनी तीस वर्षं नगरला नोंदणी कचेरीबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून लोकांची खरेदीखतं, भाडेपट्टे आणि बक्षीसपत्रं लिहिली आहेत. न वाचता सही करणारा माणूस त्यांना शुद्धीवर नसलेल्या माणसासारखा वाटतो. त्यांच्या पत्नीला, म्हणजे माझ्या मेहुणीला, आमच्या ताईंना, मुलीनं पुण्याहून नवा फोन पाठवला तेव्हा तो तीन दिवस टेबलावर नुसता उजळत आणि विझत पडून होता, कारण साडू अटी वाचत होते. ताई येता-जाता विचारायच्या, “झालं का?” साडू चष्मा वर न करता म्हणायचे, “कलम एकोणिसावर आहे. इथं म्हणतायत, ह्या अटी आम्ही केव्हाही बदलू, आणि बदलल्या तर तुम्हाला त्या मान्य आहेत असं धरू. असला दस्त माझ्याकडे कुणी आणला असता, तर त्याला चहा पाजून परत पाठवला असता मी.” चौथ्या दिवशी साडू आंघोळीला गेले आणि ताईंनी बटण दाबून टाकलं. साडूंनी दोन दिवस अबोला धरला. त्या दोन दिवसांत ताईंनी नव्या फोनवरून झाडून सगळ्या बहिणींशी पोटभर बोलून घेतलं.

अशा माणसाला इंटरनेटवर वाद घालायची जागा सापडली, हा योगायोग म्हणायचा की नियती, मला ठरवता आलेलं नाही. दुपारी दोन ते चार शेडमध्ये पक्षकार फिरकत नाहीत. शेजारचे लेखनिक त्या वेळात डबा खाऊन पेंगतात. साडूंना मात्र मोबाईल, कॉम्प्युटर आणि एकूणच डिजिटल जगाबद्दल मराठीत काथ्याकूट करणारा एक मंच सापडला. तिथं टोपणनाव मागतात. साडूंनी ‘लिहून देणार’ असं नाव घेतलं, कारण दस्तात सही करणाऱ्याला तसंच म्हणतात. लिहायचेही दस्तासारखंच. कुणी म्हटलं की अमक्या फोनची बॅटरी बेकार आहे, की साडूंचं उत्तर यायचं : ‘कारणे लिहितो की, सदर फोन मी स्वतः दोन वर्षे वापरत असून बॅटरीबाबत आपण केलेले विधान वस्तुस्थितीस धरून नाही. सबब मान्य नाही.’ सुरुवातीला पोरं हसली. मग कुणीतरी जाड भिंगाचा चष्मा घातलेल्या घुबडाचं चित्र काढलं, त्याखाली ‘सबब मान्य नाही’ लिहिलं, आणि ते स्टिकर सगळीकडे फिरायला लागलं. साडू आधी चिडले. घुबडावर त्यांचा आक्षेप नव्हता; “माझं वाक्य वापरताना मला विचारलं का?” एवढाच मुद्दा होता. मात्र महिन्याभरानं ते स्टिकर आमच्या घरच्या ग्रुपवर, ताईंच्या फोनवरून आलं. साडूंनी तिसऱ्या चहाची मागणी केली होती, त्याचं ते उत्तर होतं.

फुकट उतरवलेल्या वस्तूला साडू शिवत नाहीत. गाणं असो, पुस्तक असो, सिनेमा असो. एका रविवारी मी पेन ड्राइव्हवर एक नवा सिनेमा घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि टीव्हीला लावला. साडूंनी एकच प्रश्न विचारला, “कुठून आणला?” मी टीव्हीचा आवाज वाढवला. ते उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. अडीच तास उन्हाकडे बघत बसले. ताईंनी दोनदा चहा बाहेर नेऊन दिला. सिनेमा संपल्यावर मी चपला घालत होतो, तेव्हा दुसरीकडे बघत त्यांनी विचारलं, “आवाज येत होता खिडकीतून. शेवटी सुटला का तो बिचारा?”

तर असे साडू, आणि मंचावर त्यांना भेटला चाचा. त्याचं टोपणनावच ‘चाचा’ होतं. साडूंची समजूत झाली की हे कुणी वयस्कर मुसलमान गृहस्थ असावेत. दोन महिने ते ‘आदरणीय चाचा, सलाम’ अशी सुरुवात करून त्याच्याशी अतिशय अदबीनं भांडले. मग एकदा चाचानंच खुलासा केला : ‘काका, समुद्री चाचे म्हणतात ना, लुटारू, त्यातला चाचा आहे मी. जगातलं सगळं फुकट मिळालं पाहिजे या मताचा.’ साडूंना धक्का बसला, पण सलाम त्यांनी सोडला नाही. पडलेली सवय मोडत नाही म्हणाले.

त्या दोघांचा वाद चार वर्षं चालला, आणि तो एकाच गोष्टीवर होता. चाचाचं म्हणणं असं : ‘बटणावर लिहिलेलं असतं, खरेदी करा. आपण पैसे देतो. उद्या कंपनीच्या मनात आलं की ते पुस्तक आपल्या फोनमधून गायब. मग ही कसली खरेदी? आणि विकत घेऊन जर ते माझं होत नसेल, तर न घेता उतरवलं तर चोरी कशी?’ साडूंचं उत्तर ठरलेलं : ‘बटणावर काय आहे ते बघू नका, दस्तात काय आहे ते बघा. नाव खरेदीचं असलं तरी मजकूर भाडेपट्ट्याचा आहे. भाड्याच्या घराला मालकीचं म्हणून रडू नये, आणि रडू आलं म्हणून शेजाऱ्याचं घरही फोडू नये.’ यावर चाचा म्हणायचा, भाड्याच्या घरावर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावणाऱ्याला तुमच्यात काय म्हणतात? हा प्रश्न साडूंना फार आवडला होता. मला त्यांनी तो तीन वेळा सांगितला, आणि प्रत्येक वेळी कौतुकानं म्हणाले, “पोरगं तयार आहे हो.”

मागच्या वर्षी उन्हाळ्यात एका दुपारी त्यांचा मला फोन आला. “साडूभाऊ, जरा शेडमध्ये या.” आवाज असा होता की मी कुलूपही न लावता निघालो. साडू खुर्चीत ताठ बसले होते आणि फोन टेबलावर पालथा होता. त्यांनी तो उलटा केला. चाचानं त्यांना एक फाइल पाठवली होती : ‘काका, तुमच्या धंद्याचं पुस्तक सापडलं. घ्या फुकट. एकदा तरी पाप करा.’ फाइलीत दस्तांच्या नमुन्यांचं पुस्तक होतं. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढून बनवलेलं. पानं वाकडी, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आलेला, मुखपृष्ठ नाहीच. पुस्तक साडूंचंच होतं. वीस वर्षांपूर्वी त्यांनी नगरच्या एका छोट्या प्रेसमधून ते स्वखर्चानं छापून घेतलं होतं, आणि त्यातल्या बऱ्याच प्रती अजून त्यांच्या दिवाणात होत्या. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. पण साडू हळू आवाजात म्हणाले, “किती लोकांनी उतरवून घेतलंय बघितलंत? दिवाणातली दहा नाही गेली वर्षात.” चेहऱ्यावर राग होता आणि रागाखाली दुसरंच काहीतरी होतं, जे त्यांना लपवता येत नव्हतं.

मग ते पान पान बघायला लागले, आणि मध्येच थांबले. बासष्टाव्या पानानंतर एकदम पासष्टावं होतं. मधलं एक पान फोटो काढताना पाठपोट सुटलं होतं. बासष्टवर भाडेपट्ट्याचा नमुना सुरू व्हायचा. पासष्टवर खरेदीखताचा शेवट होता. सलग वाचलं तर दस्त भाड्यानं देतो म्हणून सुरू होत होता आणि ‘मिळकतीचा कायमचा मालकी ताबा दिला, वंशपरंपरेने उपभोग घ्यावा’ म्हणून संपत होता. साडू खुर्चीतून उठले. “अहो, हे लोक वापरतील. खोली भाड्यानं द्यायला बसतील आणि विकून उठतील.”

त्यांनी तिथल्या तिथं मंचावर सूचना लिहिली, की सदर पुस्तकाचा लेखक मी असून यातलं एक पान गहाळ आहे, कोणीही वापरू नये, शंका असल्यास फोन करावा. आणि खाली आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नंबर टाकला. दहा मिनिटांनी चाचाचा निरोप आला : ‘काका, तुमचं होतं? मला माहीत नव्हतं.’ आणि लगेच दुसरा : ‘मी ते जिथं जिथं टाकलंय, तिथं तिथं तुमची सूचना टाकतो.’ त्यानं टाकली. पुस्तक कुठल्या कुठल्या गावांच्या ग्रुपवर फिरत होतं ते त्यालाच माहीत.

तिसऱ्या दिवशी पाथर्डीच्या बाजूच्या एका खेड्यातून बाईंचा फोन आला. शिवणकाम करणाऱ्या होत्या. रस्त्याकडेची खोली एका माणसाला गिरणीसाठी भाड्यानं द्यायची होती, पुस्तकातला नमुना त्यांनी स्वतःच्या हातानं बॉण्डवर उतरवला होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सह्या होत्या. साडूंनी त्यांना फोनवर शेवटचा परिच्छेद वाचायला लावला. बाईंनी वाचला, आणि साडू कपाळाला हात लावून खाली बसले. “सही करू नका. मी येतो.”

सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं गेलो. बाई दारातच उभ्या होत्या. “पुस्तकात व्हतं म्हनून लिवलं बघा मी. फुकाट मिळालं, मंग कुनाला इचारनार?” गिरणीवालाही आलेला होता. त्या बिचाऱ्यानंही ते वाचलं नव्हतं. साडूंनी त्याला शेवट वाचून दाखवला तेव्हा तो घाबरून म्हणाला, “न्हाई वो, मला खोली नको कायमची. माझी गिरनी चालंल का न्हाई, ह्याचाच भरोसा न्हाई.” साडूंनी शिवणयंत्राशेजारी बसून नवा दस्त लिहिला, दोघांना मोठ्यानं वाचून दाखवला, प्रत्येक कलमानंतर थांबून “कळलं?” विचारलं, आणि नोंदणी कुठं, कशी करायची ते समजावलं. सह्या झाल्यावर बाईंनी चहा दिला आणि त्यांच्याकडे बघत विचारलं, “त्ये पुस्तक तुमीच लिवलं व्हय? लई कामाचं हाय. आमच्या गटातल्या समद्या बाया वापरत्यात.” साडूंनी बशी तोंडाला लावली. परतीच्या एसटीत मात्र खिडकीबाहेर बघत ते करंजीच्या घाटापर्यंत हसत होते.

घरी आल्यावर त्यांनी दिवाणातली कोरी प्रत काढली. पुढचे तीन रविवार मी पानं धरली आणि त्यांनी फोटो काढले. अंगठा येऊ नये म्हणून ताईंची पट्टी वापरली. मग पूर्ण पुस्तक चाचाला पाठवलं, सोबत एक ओळ : ‘चोरी करायचीच तर पूर्ण करा.’ चाचानं जुनी फाइल शोधशोधून काढायला लावली आणि नवी सगळीकडे पोचवली. वर म्हणाला, ‘काका, तुम्ही स्वतःच दिल्यावर ती चोरी कसली? मजा घालवलीत.’ साडूंनी उत्तर दिलं, ‘हे बक्षीसपत्र समजू नये. हा केवळ वापराचा परवाना आहे. मी केव्हाही काढून घेईन.’ त्यावर चाचानं त्यांना घुबडाचं स्टिकर पाठवलं. साडू इतके हसले की शेजारच्या लेखनिकांची झोप मोडली.

दिवाळीनंतर चाचा मंचावर यायचा बंद झाला. आधी साडूंना वाटलं, कामात असेल. मग त्यांनी मुद्दाम चाचा खवळेल अशी दोन-तीन विधानं करून बघितली. दुसरेच कुणी कुणी बोलले, आणि फार कच्चं बोलले. एकदा मी शेडमध्ये गेलो तर साडू मंचावर चाचाच्या बाजूनं वाद घालत होते. मी आश्चर्यानं बघितलं. “त्याची बाजू कुणी नीट मांडत नाही हो,” ते म्हणाले. “म्हटलं, तोवर आपण सांभाळू.” थोड्या वेळानं चष्मा पुसत म्हणाले, “चार वर्षं रोज बोललो त्या माणसाशी. नाव, वय, धंदा, राहणार, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही मी. माझा नंबर आहे त्याच्याकडे. माझ्याकडे त्याचं काही नाही.”

आता अनोळखी नंबरावरून फोन आला की साडू दुसरी रिंग होऊ देत नाहीत. बहुतेक वेळा पलीकडे विमा विकणारं कुणीतरी असतं. साडू मध्ये न तोडता सगळं ऐकून घेतात, अटी विचारतात, नको म्हणतात, आणि फोन ठेवायच्या आधी अगदी सहज विचारल्यासारखं विचारतात, “आपण कुठून बोलताय?”