धौंऱ्याच्या शिंगावरचा लाल टॅग

तेजराम कापगते रिटायर झाले तेव्हा पोलाद कारखान्यातल्या रेल मिलवाल्यांनी त्यांना शाल, नारळ आणि मिक्सर दिला. तेजरामनी स्वतःहून मागून घेतली ती एकच वस्तू, लाल टॅग. दुरुस्तीसाठी मशीन बंद केली की तिच्या स्विचला हा पत्रा अडकवायचा. त्यावर लिहिलेलं, ‘आदमी काम पर है. चालू न करें.’ ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा, आणि तोही काम पूर्ण झाल्यावर. मध्ये कितीही मोठा साहेब आला तरी हात लावायचा नाही. या नियमामुळे आपली सगळी बोटं शाबूत राहिली, असं तेजराम लग्नाच्या पंगतीतही बोटं पसरून सांगत.

रिटायर झाल्यावर टॅग त्यांच्या पिशवीतच असे. मागच्या मे महिन्यात त्यांनी पंख्याच्या बटणाला तो लावला आणि वायर आणायला बाहेर पडले. वाटेत कुरुदचा एक जुना दोस्त भेटला. इकडे पंखा तसा चालण्यासारखा होता, पण सिंधुताई आणि पाहुणे दुपारभर पुठ्ठ्यानं वारा घेत बसले. टॅगला कोणी हात लावला नाही. पाहुणेही प्लांटमधलेच होते.

आता क्वार्टर सोडून दोघं कायमचे पुण्याला, मुलाकडे, अकराव्या मजल्यावर जाणार होते. भांडी बांधता बांधता सिंधुताई म्हणाल्या, “जायच्या आधी मले मोट पाहाची हाय. तिकडं पाणी नळातून येते, नाईतर येतच नाई म्हणते प्रफुल्ल.”

शिवनाथ नदीच्या काठावर नवं उद्यान झालं होतं. एका मालगुजाराची जुनी शेतवाडी तिथं पुन्हा उभी केली होती. कोठार, भात कांडायची ढेकी, गोठा, विहीर सगळं होतं, आणि नदीकडे जाणाऱ्या निसर्गवाटाही. रविवारी संध्याकाळी बैल जुंपून मोट चालवून दाखवत. सिंधुताईंचे वडील साकोलीकडे मोट हाकायचे, आणि मोटेचं पाणी जिथं धबकन पडतं त्या थारोळ्यात पाय सोडून त्या बसायच्या. या गावातला त्यांचा हा शेवटचा रविवार होता.

दोघं पोचले तेव्हा विहिरीभोवती गर्दी जमली होती. भाऊराव नावाचे म्हातारे गडी बैल आणत होते. करिया सरळ चालत होता. धौंरा मात्र पुढचा डावा पाय उचलून उचलून ठेवत होता.

“लंगडून राहिला!” तेजराम ओरडले. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी पिशवीतून टॅग काढला आणि धौंऱ्याच्या शिंगाला अडकवला.

भाऊरावांनी कपाळाला हात लावला. “अजी, तो लंगडत नाई. नाटक करते तो. दर रविवारी करते. जू मानेवर ठेवलं का सरळ होते.”

“मंग काढून टाका ना,” तिकिटाच्या खिडकीवरून उठून आलेली निशा म्हणाली.

“मी कसा काढू? मी का लावला?” भाऊराव म्हणाले. तेही प्लांटच्याच कोक ओव्हनमधून रिटायर झालेले, तेजरामना ओळखणारे होते. “तुमी काढा, कापगतेभाऊ.”

तेजरामनी हात पुढे केला आणि मागे घेतला. “काम पूर्ण झाल्यावर काढाचा असते. इथं कामच झालं नाई, तं पूर्ण कसं झालं म्हणू?”

“बैलात बिघाडच नाई तं काम कोणतं करता?”

“हेच तं म्हणून राहिलो.”

गर्दीत बहुतेक घरं प्लांटचीच. ब्लास्ट फर्नेसवाले म्हणाले, टॅग बैलाला नव्हे, जुवाला लावायला हवा होता. रेल मिलवाले आपल्या माणसाच्या बाजूनं उभे राहिले. एका बाईनं विचारलं, बैलाचा मेन स्विच कुठं असतो. तिला कोणी हसलं नाही. दोघांनी बैलाभोवती फिरून पाहिलं.

एवढ्यात धौंरा शांतपणे, चारही पायांवर नीट, निसर्गवाटेनं चालायला लागला. थोड्या वेळानं नदीकडे गेलेली माणसं घाईघाईनं परत आली. “रस्ता बंद हाय का जी? टॅग लागून आला सामनेसे.”

भाऊराव धौंऱ्याला वळवून घेऊन आले. शिंगावर टॅग तसाच होता. जू दिसताच त्यानं पाय उचलला. उद्यान बंद व्हायची शिट्टी कधीही झाली असती. तेजरामनी बायकोकडे पाहिलं. सिंधुताई रिकाम्या थारोळ्याच्या काठावर पाठ करून बसल्या होत्या. भांडत नव्हत्या. पंख्याच्या वेळी त्या निदान भांडल्या होत्या.

“अवो,” तेजराम म्हणाले.

“राहू द्या. मशीन खराब हाय तुमची.”

तेजरामनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. “भाऊराव, दुसऱ्या बाजूनं या. मोटेले टॅग नाई. माह्या गळ्यातही नाई.”

“आमी बैल हाव का?”

“धौंरा हाय का कामावर?”

भाऊरावांनी धौंऱ्याकडे पाहिलं. तो रवंथ करत होता. ते जुवाखाली आले. दोघांनी बैल चालतात त्या उतारावरून ओढ घेतली, दोर हललाही नाही. मग रेल मिलवाले दोराला लागले. त्यांच्यामागे ब्लास्ट फर्नेसवाले आले, मग ती मेन स्विचवाली बाई.

सिंधुताई उठल्या. पदर खोचून त्या विहिरीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि वडिलांच्या आवाजात ओरडल्या, “हो रे राजा, चाल! हो, हो, हो!”

चाक करकरलं. मोट वर आली, वाकडी झाली आणि पाणी थारोळ्यात धबकन पडलं. अर्धं सिंधुताईंच्या लुगड्यावर. त्यांनी चपला भिरकावल्या आणि पाय आत सोडले.

उताराच्या तळाशी तेजराम धापा टाकत होते. “झालं का समाधान?”

“वर या. अजून एक मोट.”

तेजराम वळले आणि चढ चढू लागले. दोन पावलांवर त्यांनी डावा पाय उचलून धरला.

“नाटक नका करू,” सिंधुताई म्हणाल्या. “मी ओळखते आता.”